गांवचा पाणी-फलक : रचनेच्या स्पर्धेंत उतरणाऱ्या गांवांसाठीं

आपल्या कणगींत किती धान्य आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, तो शेतकरी शहाणा नव्हे, असें आपण सहज म्हणतों. परंतु ज्या विहिरीच्या भरंवशावर आपण रब्बी पेरतों, कांदा लावतों, फळबाग धरतों, त्या विहिरीच्या, किंबहुना सगळ्या शिवाराच्या पोटांत यंदां किती पाणी आहे, असें कोणीं विचारलें तर आपल्यापैकीं बहुतेकांपाशीं उत्तर नसतें. धान्याची कणगी घरची असते. भूगर्भांतील पाण्याची कणगी मात्र साऱ्या गांवाची एकच, आणि गांवांत जितक्या विहिरी व विंधनविहिरी तितकीं तिला तोंडें. एकानें किती उपसलें हें दुसऱ्यास कळत नाहीं. मग माघ-फाल्गुनांत एकेक विहीर तळ दाखवूं लागते, उभ्या पिकाच्या शेवटच्या दोन पाळ्या चुकतात, आणि गेलेलें पीक व बीं-खताचें कर्ज दोन्ही एकाच वेळीं अंगावर येतात.

या सामाईक कणगीचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडण्याचें साधन म्हणजे गांवचा माहितीफलक. संगणकाच्या परिभाषेंत अशा फलकास ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. हा शब्द मुळांत घोडागाडीचा आहे. घोड्यांच्या टापांनीं उडणारा चिखल हांकणाऱ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून गाडीच्या पुढच्या अंगास जी आडवी फळी बसवीत, तिचें हें नांव. पुढें मोटारी आल्या. टापांचा चिखल गेला, पण नांव राहिलें, आणि चालकासमोरील त्या पाटीवर वेग, तेल व उष्णता दाखविणारे कांटे बसले. चालकास गाडी न थांबवितां एका दृष्टिक्षेपांत तिची स्थिति कळावी व त्यानें वेळींच वेग आवरावा, एवढाच तिचा हेतु. गांवच्या फलकाचा हेतुहि याहून निराळा नाहीं.

अशा फलकांची रचना करण्याच्या स्पर्धा अलीकडे भरविल्या जातात. एखाद्या वस्तीची माहिती लोकांस समजेल व उपयोगी पडेल अशा रीतीनें मांडून दाखवा, असें त्यांत सांगितलेलें असतें. आपल्या वाचकांपैकीं कोणाच्या गांवास अशा स्पर्धेंत भाग घेण्याचा योग आला, किंवा शेजारच्या चार गांवांनीं मिळून आपसांत अशी स्पर्धा लावण्याचें मनांत आणलें, तर तयारी कशी करावी याचा विचार येथें करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, फलकाची खरी परीक्षा त्याच्या रंगरेषांवरून होत नाहीं. तो पाहून गांवानें पेरणीपूर्वीं काय ठरविलें यावरून होते.

आपल्याकडील जुनी वहिवाट

पाणी सामाईक आणि पीक ज्याचें त्याचें, हा पेंच महाराष्ट्रास नवा नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवरील बंधाऱ्यांखालीं फड पद्धत शतकानुशतकें चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वांटलेली असे. एका फडांत एका हंगामीं एकच पीक. कोणत्या फडांत ऊस, कोणत्यांत हंगामी पीक आणि कोणता फड पाण्याविना ठेवावयाचा, हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. आणि पाणी प्रत्येकाच्या शेतांत पोंचविण्याचें काम पाटकऱ्याचें. या व्यवस्थेंत लिहिलेला फलक नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. बंधाऱ्यांत किती पाणी आहे हें ज्यास डोळे आहेत त्यास दिसत होतें.

विहिरीच्या पाण्याचें तसें नाहीं. तें जमिनीखालीं आहे, तें कोणाच्या बांधापाशीं थांबत नाहीं, आणि आजच्या वीजपंपाचा उपसा मोटेच्या उपशाहून कितीतरी पट अधिक आहे. जें डोळ्यांस दिसत नाहीं त्याविषयीं एकमत होणें कठीण. म्हणून तें दिसेल असें करणें, हें पहिलें काम.

दोन नमुने

हें काम शेतकऱ्यांच्या हातून होऊं शकतें याचा एक मोठा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. तत्कालीन आंध्र प्रदेशांतील सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्यानें शेतकऱ्यांनीं चालविलेल्या भूजल व्यवस्थेची एक योजना २००३-०४च्या सुमारास सुरू होऊन २०१०च्या सुमारापर्यंत चालली. ६३८ वस्त्यांतून शेतकरी स्त्री-पुरुष पर्जन्यमापक वाचण्यास व विहिरींची पातळी मोजण्यास शिकले. पाऊस रोज मोजावयाचा, पातळी पंधरवड्यानें. आंकडे वहींत टिपून गांवच्या फलकावर लिहावयाचे. पावसाळा सरला म्हणजे सर्वांनीं एकत्र बसून जमेचें पाणी आणि पेरावयाच्या पिकांस लागणारें पाणी यांचा मेळ घालावयाचा. उपसा कमी करण्याची कोणावर सक्ती नव्हती व त्याबद्दल कोणास बक्षीसहि नव्हतें. काय पेरावें हें ज्याचें त्यानें घरीं जाऊन ठरवावयाचें. जागतिक बँकेच्या २०१० सालच्या अहवालाप्रमाणें, योजनेंतील पाणलोट घटकांपैकीं शेंकडा ४२ घटकांत रब्बीचा उपसा तीन वर्षें सतत कमी झाला, शेंकडा ५१ घटकांत तो अधूनमधून कमी झाला, आणि शेंकडा ७ घटकांत मात्र वाढला.

दुसरा नमुना घरचा. अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पावसाचें गांव. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें तेथें मृद्-जलसंधारणाचें काम झालें, हें सर्वश्रुत आहे. त्यामानानें कमी ठाऊक असलेली गोष्ट ही कीं, पाणी अडविल्यावर तें कसें खर्चावें याचेंहि बंधन त्या गांवानें स्वतःस घालून घेतलें. सिंचनासाठीं विंधनविहीर नको, ऊस-केळी यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें नकोत, आणि दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडून मगच पिकांचें ठरवावयाचें, अशी तेथील रीत आहे. हा ताळेबंद २००४पासून मांडला जात आहे.

दोन्ही ठिकाणचे मार्ग निराळे. एकीकडे केवळ माहिती, दुसरीकडे माहितीच्या जोडीस गांवाचा निर्बंध. परंतु दोहोंत समान असें एक आहे : आंकडा पेरणीपूर्वीं लोकांपुढें आला, आणि तो लोकांच्या समक्ष घेतलेल्या मापावरून आला.

स्पर्धेचें बळ आणि धोका

पाणी फाउंडेशननें २०१६ सालीं कोरेगांव, वरुड व अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही स्पर्धा सुरू केली. पहिला क्रमांक सातारा जिल्ह्यांतील वेळू या गांवानें मिळविला. २०१९च्या स्पर्धेंत ७६ तालुके होते. ठराविक मुदत व गुणांचा ठरलेला तक्ता समोर असला म्हणजे ‘पुढें पाहूं’ म्हणून राहिलेलें काम एका उन्हाळ्यांत कसें होतें, हें या स्पर्धेनें महाराष्ट्रास दाखविलें. स्पर्धेंत उतरण्याचा पहिला लाभ हाच. दुसरा लाभ असा कीं, दुसऱ्या गांवानें काय युक्ति काढली हें पाहावयास मिळतें.

परंतु पाणी अडविणें हें अर्धें काम. अडविलेलें पाणी ज्येष्ठापर्यंत पुरविणें हें उरलेलें अर्धें. केंद्र सरकारनें २०२०पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या अटल भूजल योजनेंत निवडलेल्या ग्रामपंचायतींस पाण्याचा ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा करावयास लाविलें, तें याच कारणानें. येथें स्पर्धेचा धोका संभवतो. परीक्षक यावयाचे म्हणून आदल्या आठवड्यांत भिंत रंगवून आंकडे चढवावयाचे, आणि पारितोषिकाचा निकाल लागला कीं त्याच भिंतीवर पुढील वर्षाचा आंकडा कोणी लिहावयाचा नाहीं, असें झालें तर तो फलक नव्हे, शोभेची भिंत होय.

फलकामागील हिशेब

फलकास चार मापें लागतात : पाऊस, विहिरींची पातळी, पिकांखालील क्षेत्र आणि माणसां-जनावरांची संख्या.

पाऊस गांवांतच मोजावा. महसूल मंडळाच्या ठिकाणीं स्वयंचलित हवामान केंद्र असलें तरी चार कोसांवर पडलेला पाऊस आपल्या शिवारांत पडलाच असेल असें नाहीं. साधा पर्जन्यमापक झाडां-घरांपासून दूर मोकळ्या जागेंत बसवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां वाचावा. तो मिळेपर्यंत उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबाहि चालतो. त्यांत सांचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजली म्हणजे तोच पाऊस.

पातळीसाठीं शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतील मिळून आठ-दहा विहिरी निवडाव्या. पंप बंद करून पाणी स्थिर झाल्यावर, कांठावरील एका खुणेपासून पाण्यापर्यंतचें अंतर वजन बांधलेल्या फितीनें मोजावें. खूण दरवेळीं तीच असली पाहिजे. ज्येष्ठांत पावसापूर्वीं एकदां व आश्विनांत पाऊस सरल्यावर एकदां, हीं दोन मापें तर चुकवूंच नयेत.

आतां हिशेब. १ हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात् १०,००० लिटर पाणी पडलें. उदाहरणादाखल एक कल्पित गांव घेऊं : शिवार ५०० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, वस्ती १,५००, मोठीं जनावरें ६००. एकूण पडलेलें पाणी २५ लाख घनमीटर. आंकडा मोठा दिसतो; पण भूजलाच्या सरकारी अनुमानपद्धतींत झिजलेल्या काळ्या कातळाच्या प्रदेशासाठीं पावसाच्या सुमारे ७ टक्के पाणीच जमिनींत मुरतें असें धरतात; सच्छिद्र व भेगाळ कातळास १३ टक्के धरतात. ७ टक्क्यांनीं आपल्या गांवाच्या विहिरींच्या खात्यांत जमा झाले १,७५,००० घनमीटर.

खर्चाच्या बाजूस पहिली कलम पिण्याच्या पाण्याची. माणशीं रोज ५५ लिटर धरल्यास वर्षाचे सुमारे ३०,००० घनमीटर. जनावरामागें रोज ४० लिटर धरल्यास सुमारे ९,०००. हे ३९,००० वजा जातां सिंचनास उरले १,३६,००० घनमीटर. बंधाऱ्यांतील साठा व जमिनींतील ओल हीं येथें हिशेबाबाहेर ठेविलीं आहेत. ज्या गांवास बंधारा असेल त्यानें तो साठा जमेस धरावा.

या शिलकेंत किती पीक येईल? हेक्टरीं हरभऱ्यास २,००० घनमीटर, गव्हास ४,०००, कांद्यास ५,००० आणि पावसाचा वांटा सोडून उसास १५,००० घनमीटर विहिरीचें पाणी लागतें असें ढोबळ मानानें धरूं. मग तेंच पाणी १६८ एकर हरभऱ्यास पुरेल, किंवा ८४ एकर गव्हास, किंवा ६७ एकर कांद्यास, किंवा अवघ्या २२ एकर उसास. गांवांत आधींच २२ एकर ऊस उभा असेल, तर दुसऱ्या कोणाच्याहि रब्बीस विहिरीचें पाणी उरलेलें नाहीं. मग कोणाची विहीर आधीं आटावयाची एवढाच प्रश्न.

हा अंदाज विहिरींकडून तपासून घेतां येतो. ५०० मिलिमीटरांचे ७ टक्के म्हणजे ३५ मिलिमीटर पाणी मुरलें. कातळाच्या भेगा-पोकळींत शेंकडा २ इतकें पाणी मावतें असें धरल्यास पातळी सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे पावणेसहा फूट चढावयास पाहिजे. खरिपांतील उपसा लक्षांत घेऊनहि ज्येष्ठ व आश्विन यांच्या मापांत याहून फार निराळें अंतर आलें, तर विहिरींचें म्हणणें खरें मानून टक्केवारी बदलावी. दोन-तीन वर्षांत गांवास स्वतःचा आंकडा सांपडतो.

रचनेविषयीं कांहीं नियम

एक. फलकानें एकाच प्रश्नाचें उत्तर द्यावें : यंदां रब्बीस किती पाणी आहे व त्यांत काय बसेल? लोकसंख्या, साक्षरता, योजनांचीं नांवें यांची गर्दी केली कीं मुख्य आंकडा हरवतो.

दोन. भाषा शेतकऱ्याच्या मापाची असावी. घनमीटर हिशेबाच्या वहींत राहूं द्यावे. फलकावर विहिरीची पातळी फुटांत व पिकांचें क्षेत्र एकरांत लिहावें.

तीन. एकट्या आंकड्यास अर्थ नसतो. यंदांच्या पातळीशेजारीं गतवर्षाची, आणि २०१२, २०१५ किंवा २०१८ यांसारख्या दुष्काळी सालाची पातळी माहीत असल्यास ती दाखवावी.

चार. रकान्यांच्या उंचीनें प्रमाण दाखवावयाचें असेल तर सर्व रकाने शून्यापासून काढावे. मधूनच सुरू केलेला रकाना लहान फरक मोठा भासवितो.

पांच. केवळ लाल-हिरव्या रंगांवर विसंबूं नये. त्या दोहोंतील भेद न कळणारे पुरुष समाजांत थोडेथोडके नसतात. रंगाबरोबर ‘पुरेसें’, ‘जपून’, ‘तूट’ असा शब्दहि लिहावा.

सहा. प्रत्येक आंकड्याखालीं तारीख व माप घेणाऱ्याचें नांव असावें. ज्या पंधरवड्यांत माप घेतलें नसेल ती जागा कोरी ठेवावी. अंदाजानें भरलेला एक आंकडा उघडकीस आला, तर बाकीच्या खऱ्या आंकड्यांवरीलहि विश्वास उडतो.

सात. ज्यांस वाचतां येत नाहीं अशांसाठीं फलक ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावा. भ्रमणध्वनीवर पाठविलेलें चित्र उपयोगी आहे. परंतु चावडीपुढील भिंत सर्वांची असते आणि तिच्यापुढें उभें राहून वाद घालतां येतो.

अडचणी व त्यांचा परिहार

पहिली शंका अशी येते कीं, विहिरीचें पाणी उघड केलें तर उद्यां त्यावर पट्टी बसेल किंवा पंपावर निर्बंध येतील. यावर उपाय असा कीं, फलकावर मालकाचें नांव न लिहितां विहिरीस क्रमांक द्यावा, उपशाचे आंकडे वाडीवार एकत्र दाखवावे, आणि मोजणीस मालकाची संमति आधीं घ्यावी. गांवास निर्णय घेण्यास जितकें लागतें तितकेंच उघड करावें.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. ‘मी हरभऱ्यावर थांबलों आणि शेजाऱ्यानें कांदा लावून पाणी ओढलें, तर माझ्या शहाणपणाचा लाभ त्यालाच.’ हें म्हणणें खोटें नाहीं, आणि नुसत्या फलकानें हा पेंच सुटतो असें सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. बाजारांत कांद्याचा भाव चढला कीं भिंतीवरील अक्षरें फिकीं पडतात. म्हणून फलकावर दोन रकाने शेजारीं शेजारीं असावेत : आश्विनांत ठरलेलें प्रत्येक पिकाचें क्षेत्र, आणि पौषांत पाहणी करून आढळलेलें क्षेत्र. ठरल्याहून किती एकर अधिक लागले हें साऱ्या गांवास दिसतें, हाच त्यांतील धाक. त्यास ग्रामसभेच्या ठरावाची जोड मिळाल्यास उत्तम.

तिसरी गोष्ट शंकेची नसून न्यायाची आहे. आपण जमीनधारक वाचक या हिशेबांत स्वतःस केंद्रस्थानीं धरतों. परंतु ज्यांस विहीर नाहीं असे अल्पभूधारक आणि ज्यांस जमीनच नाहीं असे मजूर त्याच कणगीचें पाणी पितात. विहिरी आटल्या म्हणजे टँकरची वाट पाहत उभें राहणें बहुधा त्यांच्याच घरच्या स्त्रियांच्या वांट्यास येतें. म्हणून पिण्याचें पाणी ही पहिली कलम, आणि ती कोणत्याहि पिकासाठीं मोडावयाची नाहीं, हें फलकावर सर्वांत वर लिहिलेलें असावें.

तयारीचा क्रम

स्पर्धेसाठीं पांच-सात जणांची मंडळी पुरे. तींत एक विहीरवाला, एक कोरडवाहू शेतकरी, एक शेतमजूर, पाणी भरणारी एक तरी स्त्री, शाळेचे शिक्षक आणि संगणक हाताळणारा एखादा तरुण असावा. रचनेचें काम एकट्या तरुणावर सोंपवूं नये. नाहीं तर फलक सुंदर होतो, पण प्रश्न गांवाचा राहत नाहीं.

ज्येष्ठांत विहिरी मोजाव्या, पावसाळाभर पाऊस टिपावा, भाद्रपदांत फलकाचा कच्चा नमुना कागदावर काढावा. हा नमुना मंडळीबाहेरच्या पांच माणसांस एकेकट्यानें दाखवून एवढेंच विचारावें : ‘हें पाहून तुम्ही यंदां काय पेराल?’ तिघांस उत्तर देतां आलें नाहीं तर रचना बदलावी. समजावून सांगत बसूं नये, कारण भिंतीपाशीं समजावून सांगणारा कोणी उभा राहत नसतो. घटस्थापनेच्या सुमारास अखेरचीं मापें घेऊन हिशेब पुरा करावा आणि कोजागिरीच्या आंत तो ग्रामसभेपुढें ठेवावा. गहू-हरभऱ्याची पेरणी व उन्हाळी कांद्याच्या रोपांची तयारी यांपूर्वीं जो आंकडा आला तोच उपयोगाचा. मार्गशीर्षांत आलेला आंकडा कितीहि अचूक असला तरी त्याचा उपयोग पश्चात्तापापुरताच. स्पर्धेची मुदत याहून निराळी असली तरी गांवाचें वेळापत्रक तिच्यासाठीं मोडूं नये. गतवर्षाचा हिशेब मांडून स्पर्धेंत भाग घेतां येतो.

परीक्षकांपुढें जातांना फलकाबरोबर दोन कागद अवश्य न्यावे : मूळ मापांची वही, आणि फलक पाहून ग्रामसभेनें केलेल्या ठरावाची नक्कल. आम्ही परीक्षक असतों तर रंगीत चित्रांपेक्षां या दोन कागदांस अधिक गुण दिले असते. आणि पुढील वर्षीं आंकडे कोण लिहील, रंगाचा व फितीचा खर्च कोण देईल, हें ठरल्यावांचून स्पर्धेचा अर्ज भरूं नये.

ज्या गांवांतील बंधूंनीं या दिशेनें कांहीं केलें असेल, त्यांनीं आपल्या फलकाची रचना, विहिरींचीं मापें व आलेल्या अडचणी यांची हकीकत संपादकांकडे अवश्य धाडावी. फसलेल्या प्रयत्नाची हकीकतहि तितकीच उपयोगी पडेल. ज्यांनीं अद्याप आरंभ केला नसेल त्यांनीं निदान एक फीत व एक वही घेऊन येत्या ज्येष्ठापूर्वीं आपल्या शिवारांतील आठ विहिरी निवडून त्यांच्या कांठावर खुणा करून ठेवाव्या.